पिक्चरच्या पत्त्यावर मुंबई

मुंबई बघायची म्हटलं की आपली हॉस्टेलची टोळी गेटवे, चौपाटी, फॅशन स्ट्रीट उरकून रात्रीच्या लोकलने परत! मी म्हणतो, दोस्तांनो, एकदा बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' (१९७६) बघा आणि त्याच्या मागावर निघा. अमोल पालेकर-विद्या सिन्हाचं प्रेम जमतं ते बसस्टॉपवर, ऑफिसात, हॉटेलच्या टेबलावर. म्हणजे रोजची माणसं जातात तिथेच.

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी आजही उभी आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. पण तिथलं 'समोवार', जिथे या पिक्चरचं शूटिंग झालं, ते २०१५ साली बंद झालं. बेस्टच्या जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये गेल्या. गेटवेची काळजी घ्यायला सरकार आहे हो, चहाच्या टेबलाची कोण घेणार? ते टेबल रिळात राहिलं, तेही कुणी मुद्दाम जपलं म्हणून नाही, हिरो-हिरॉईनच्या मागे सहज दिसलं म्हणून.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पिक्चर बघताना हिरोच्या मागेही बघावं. आणि जे अजून शिल्लक आहे, तिथे या रविवारीच जाऊन यावं. पुढच्या सेमिस्टरचा भरवसा कोणी द्यावा?