अम्मींना विचारलं का?

तांदळाचा डबा उचलताना अम्मींच्या पाठीत कळ आली. वय 72. आम्ही म्हटलं, लचक भरली असेल. तेल चोळलं, शेक दिला. दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा मणका दबल्याचं कळलं. आदल्या वर्षी घरातच पडून मनगट मोडलं होतं. तेव्हाच आम्ही जागं व्हायला हवं होतं.

डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 3.6 आला. तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला, की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. सोबत असं सहज हाड मोडलेलं असेल, तर आजार तीव्र.

डॉक्टरांनी पर्याय समजावले. अॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अम्मींना अन्ननलिकेचा जुना त्रास, म्हणून ती बाद. झोलेड्रॉनिक अॅसिड वर्षातून एकदा सलाईनमधून. त्याआधी मूत्रपिंड, दात तपासायचे, ड जीवनसत्त्व भरून काढायचं. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. पण मध्येच बंद केलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. ही तिन्ही औषधं झीज रोखतात. टेरिपॅराटाइड मात्र नवं हाड तयार करतं. त्याची सुई रोज, दोन वर्षांपर्यंत. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं आणि कोर्स संपल्यावर झीज रोखणारं औषध सुरू करायचं. नाही तर कमावलेलं हळूहळू निघून जातं.

घरी बैठक बसली. भाईजान म्हणाले, "दोन हाडं मोडलीत, टेरिपॅराटाइडच द्या." मी महिन्याचा खर्च मांडला आणि विचारलं, "रोज सुई कोण देणार? मी सकाळी सातला शाळेत." माझा कल वर्षातल्या एका सलाईनकडे होता. खरं सांगते, त्यात माझी सोयही होती.

अम्मी तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला कुणी विचारलंत? तुमच्या अब्बूंना नऊ वर्षं इन्शुलिन कोण देत होतं? माझी सुई मी घेईन. पुन्हा अंथरुणाला खिळायचं नाही मला."

आम्ही दोघंही गप्प झालो.

डॉक्टरांनी मुतखडा, रक्तातलं कॅल्शियम, पूर्वीचा कॅन्सर किंवा रेडिएशन याबद्दल विचारून घेतलं आणि होकार दिला. आधी टेरिपॅराटाइड, मग वर्षाचं सलाईन, असं ठरलं. देशी कंपनीचं पेन स्वस्त पडलं. खर्च भाईजान आणि मी निम्मा-निम्मा उचलतो. अम्मी आता नमाज खुर्चीवर बसून, इशाऱ्याने पढतात, कारण पुढे वाकलं की मणक्यावर भार येतो. वुजूच्या जागेला धरायला दांडी बसवली, रात्री तिथे दिवा असतो.

पाच महिने झाले, अल्हम्दुलिल्लाह, एकही सुई चुकलेली नाही. कॅलेंडरवर खुणा त्या स्वतःच करतात.

बहिणींनो, तुमच्या घरात कुणाची उंची कमी झालीय, पाठ वाकलीय, साध्या पडण्याने हाड मोडलंय? वयाच्या नावावर सोडू नका, तपासणी करा. डॉक्टरांना प्रत्येक औषधाचा फायदा, धोका आणि ते संपल्यावर पुढे काय, हे विचारा. आणि उपचार ज्यांच्यावर होणार, त्यांना सगळ्यांत आधी विचारा.