'पुनर्विकास' नेमका कोणाचा?

१/ १९६४ साली समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमधील एका बदलास 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिले. कामगारांच्या वस्त्यांत मध्यमवर्ग शिरत होता, घरे सजत होती आणि मूळ रहिवासी हद्दपार होत होते. 'जेंट्री' म्हणजे जमीनदार वर्ग. नावातच उपरोध होता.

२/ मुंबईच्या गिरणगावात वेगळे काय घडले? १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना साधारण दोन तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागा व सार्वजनिक घरांसाठी द्यायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. चाळींशेजारी मॉल आणि मनोरे उभे राहिले.

३/ यास आपण 'पुनर्विकास' म्हणतो. हा शब्द इमारतींविषयी बोलतो, माणसांविषयी मौन पाळतो. चाळकरी नव्या इमारतीत टिकला, की खर्च न झेपल्याने दूर उपनगरात गेला, हे त्यातून कळत नाही.

४/ म्हणून मी 'उच्चभ्रूकरण' म्हणेन. शब्द जड आहे खरा. पण कोण आले, हे तो सांगतो. मग कोण गेले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तोच प्रथम विचारावा.