प्रवाळकुंडासाठीं कोणतें मीठ?

कांचेच्या कुंडांत समुद्रजीव पाळण्याची हौस पुष्कळ विद्यार्थ्यांस असते. "मीठ तें मीठ, स्वस्त मिळेल तें घालावें," असें त्यांस कोणी सांगतात. हा उपदेश मला घातक वाटतो.

स्वयंपाकाचें मीठ म्हणजे बहुतेक केवळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या क्षारांत त्याचा वांटा सुमारें ८५ टक्के. बाकीच्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि. 'चॅलेंजर' जहाजानें आणिलेले ७७ नमुने तपासून डिटमार यांनीं १८८४ सालीं दाखविलें कीं, खारटपणा कमीअधिक असला तरी मुख्य क्षारांचें परस्पर प्रमाण समुद्रांत बहुधा सर्वत्र सारखेंच असतें. प्रवाळजीव आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा बांधतो. कॅल्शियम तुटलें तर त्याचें घर कशानें उभें राहावें?

दर लिटरास कॅल्शियम सुमारें ४१० व मॅग्नेशियम सुमारें १३०० मिलिग्रॅम, हें समुद्राचें माप. याच्या निकट असलेलें मिश्रणच निवडावें. "अधिक कॅल्शियम" या जाहिरातीस भुलूं नये. कॅल्शियम व क्षारता दोन्ही फाजील वाढल्यास चुन्याचा सांका बसतो. मिश्रण शुद्ध पाण्यांत पूर्ण विरघळवावें, खारटपणा हजारीं ३५ भरतो हें मोजावें, आणि मगच तें कुंडांत घालावें.

बाळांनो, मालवणच्या समुद्रांतील कठीण प्रवाळ मात्र कधींही उचलूं नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ते रक्षिलेले आहेत. आणि पालकहो, मापून मीठ घालण्याइतका धीर मुलांत नसेल, तर कुंड घेऊंच नये. मुक्या जीवांचे आपण धनी नव्हे, कारभारी आहों. आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावाच लागतो.