विमानाचा वेग आणि सिरसाळ्याची वाट

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे. जेट विमानाचा उंचावरील वेग ताशी ८०० ते ९०० किलोमीटर असतो. म्हणजे हा प्रवास दीड तासाच्या आत संपावयास हवा. वेळापत्रकात मात्र दोन तास किंवा त्याहून अधिक वेळ दाखविलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालणे यांत तो खर्ची पडतो. अर्थशास्त्रात ज्याला स्थिर खर्च म्हणतात, त्याच जातीचा हा खर्च होय. प्रवास लांबचा असेल तर त्याचा भार जाणवत नाही. जवळच्या प्रवासात मात्र तो मुद्दलाहून मोठा होतो.

हाच हिशेब परळी तालुक्यातील सिरसाळ्यास लावून पाहावा. चिकलठाणा ते मुंबई हे हवाई अंतर जेमतेम २८० किलोमीटर. उड्डाणास सुमारे तासभर लागतो. परंतु सिरसाळ्याहून चिकलठाण्यास पोहोचण्यासाठीच पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो. त्यात चार-पाच तास जातात. त्यापुढे विमानतळावरील दीड-दोन तासांचा खोळंबा आणि मुंबईत उतरल्यावर शहरातील प्रवास. सारी बेरीज आठ तासांच्या घरात जाते. मुलाखतीस निघालेल्या तरुणाला अथवा उपचारासाठी मुंबई गाठणाऱ्या रुग्णाला विमानाच्या वेगाचा लाभ तो किती?

यावर जिल्ह्यातच विमानतळ हवा, अशी मागणी होते. तिच्यामागील भावना समजण्यासारखी आहे. तथापि नांदेडचा अनुभव विसरता येत नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखालील पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड–हैदराबाद सेवाही होती. तासाभराच्या उड्डाणासाठी काही आसनांचे भाडे २५०० रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले होते. तरीही पुढे नांदेडची विमानसेवा काही काळ बंद पडली. धावपट्टी बांधता येते. परंतु ती वर्षभर गजबजलेली ठेवण्यास पुरेसे प्रवासी आणि ते आणून सोडणारी वाहने लागतात.

मग आधी काय हवे? अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गास १९९५च्या सुमारास मंजुरी मिळाली. बीडपर्यंत गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि त्या दिवशीही परळीपर्यंतचा टप्पा उरलेलाच होता. मधल्या तीस वर्षांत एक पिढी शिकून नोकरीसाठी बाहेर पडली. ऊसतोड मजुरांच्या दोन पिढ्या दर हंगामात ट्रक-ट्रॅक्टरमधूनच कारखान्यांकडे गेल्या. त्यांचा गमावलेला वेळ कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून परळीपर्यंतचा लोहमार्ग, बारमाही चांगला रस्ता आणि विमानांच्या वेळांशी जुळणाऱ्या एस. टी. गाड्या, हा क्रम शासनाने स्वीकारावा. एका गाडीची वेळ बदलण्यास भूसंपादन करावे लागत नाही. अंतराचे खरे माप दोन विमानतळांमध्ये घ्यावयाचे नसून घराच्या उंबरठ्यापासून घ्यावयाचे असते. त्या मापाने सिरसाळा मुंबईपासून आजही फार दूर आहे, आणि ते अंतर कमी करण्याचे काम जमिनीवरच करावे लागणार आहे.