बॅटरी म्हणजे भंगार नव्हे, माल आहे!

गारगोटीच्या बाजारपेठेत आज बॅटरी नाही असे दुकान सापडणे कठीण. झेरॉक्सवाल्याकडे इन्व्हर्टर, दूध संस्थेत वजनकाट्याला नि फॅट मशीनला बॅटरी, पतसंस्थेत संगणकाला बॅटरी. शेतात गव्या-डुकरांसाठी झटका मशीन आणि पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप. वीज भरवशाची नाही, म्हणून पदरचे पैसे घालून आम्ही बॅटरी घेतो. ती मेली की पुढे काय, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

होते ते असे. मेलेली बॅटरी भंगाराच्या काट्यावर जाते. 'पाण्याचे वजन धरणार नाही' असे ऐकवले जाते. मग ती दुकानामागच्या गटारीत उपडी होते आणि रिकाम्या डब्याचे वजन होते. उसाच्या काटामारीवर आम्ही इतकी वर्षे भांडतो आहोत. ही त्याच घराण्यातली काटामारी. फरक एवढाच, की इथे काटा मारल्यावर विष आपल्याच दारात उरते.

बॅटरीतले 'पाणी' म्हणजे गंधकाचे आम्ल. त्यात शिसे मिसळलेले असते. चुना टाकला की आम्लाची आग विझते, शिसे तसेच राहते. ते कुजत नाही, जळून जात नाही. गटारीतून ओढ्यात, ओढ्यातून वेदगंगेत. वेदगंगा पुढे दूधगंगेला आणि दूधगंगा कृष्णेला मिळते. म्हणजे गारगोटीत ओतलेले फक्त गारगोटीचे राहत नाही.

शिसे लेकरांच्या मेंदूवर जाते. रक्तात अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात धोकादायक शिसे आहे आणि बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. भारताने 2000 साली पेट्रोलमधले शिसे बंद केले. मागच्या दाराने ते बॅटरीतून परत येऊ द्यायचे काय?

कायदा नाही असे नाही. 2001 साली बॅटरीचे नियम आले, 2022 साली त्यांच्या जागी नवे आले. नव्या नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपनीवर टाकली. बॅटरी कचरा डेपोत पुरायला नि जाळायला बंदी घातली. परतफेडीची किंवा अनामत रकमेची योजना चालवण्याची मुभाही कंपन्यांना दिली. पण मुंबई-दिल्लीचा कागद भुदरगडच्या दुकानापर्यंत पोचत नाही, हा आपला जुनाच अनुभव.

यावर कोणी म्हणेल, इन्स्पेक्टर पाठवा, दंड करा. आमचा त्याला विरोध आहे. इन्स्पेक्टर आला की छोट्या दुकानदाराचा खिसा हलका होतो, गटार तशीच राहते. भंगारवालाही पोटासाठीच हिंडतो; त्याला चोर ठरवून प्रश्न सुटणार नाही. औषध एकच, रास्त भाव. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते. ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि त्याचा भाव लंडनच्या धातूबाजारात रोज ठरतो. ज्या मालाला जगात भाव आहे, तो गारगोटीत मातीमोल का? पाण्यासकट बॅटरीला भाव मिळाला, तर ती उपडी करील कोण?

म्हणून आमचे म्हणणे असे:

1. नव्या बॅटरीच्या बिलावर जुनीची किंमत वेगळी लिहून मिळावी. वजन न उघडलेल्या बॅटरीचे व्हावे.

2. दूध संस्था व सेवा सोसायट्यांनी गावच्या बॅटऱ्या छपराखाली, उभ्या, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जमवाव्यात आणि बोली लावून फक्त नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याला द्याव्यात. एकट्याला भाव मिळत नाही, गाडीभर मालाला मिळतो.

3. फवारणी पंपाच्या लिथियम बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. त्या फोडल्या तर पेट घेतात. शिशाच्या भट्टीत गेल्या तर स्फोट होतो.

4. घराच्या अंगणात बॅटरी फोडू नये, शिसे वितळवू नये. हे काम मायबहिणींनीच बंद पाडावे.

सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. काटा आपल्या संस्थेत आहे, माल आपल्या घरात आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्याकडच्या मेलेल्या बॅटऱ्यांची मोजदाद करून आणावी. आकडा हातात असला की भावाची बोलणी आपण करू.