पेट्या पोहोचल्या, पुढे काय?

परदेशी स्थिरावलेली आपली कुटुंबे मायदेशातील महाविद्यालयांना ग्रंथ पाठवितात, त्यामागील भावना निःसंशय उदात्त आहे. आम्हीही ते केले. तीन वर्षांनी त्या महाविद्यालयात गेलो, तेव्हा आमच्या नऊ पेट्यांपैकी सहा जिन्याखाली बांधलेल्याच होत्या. ग्रंथपाल संकोचून म्हणाले, "साहेब, संगणकावर नोंद झाल्याशिवाय पुस्तक देता येत नाही, आणि ती नोंद करायला मला कोणी शिकवलंच नाही." त्यांच्या विद्यार्थिदशेत कार्डे हाताने लिहिली जात. दोष त्यांना कसा द्यावा?

ग्रंथपाल घडवावा लागतो, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले; ग्रंथालयांबरोबरच ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले. मद्रास विद्यापीठाने १९२४ साली ग्रंथपाल नेमलेले रंगनाथन हे तर गणिताचे अध्यापक. एकाकी कामाला ते इतके कंटाळले की, परत वर्गावर जाऊ द्या, म्हणू लागले. विद्यापीठाने त्यांना शिक्षणासाठी लंडनला पाठविले. १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे जगापुढे आली, ती याच गृहस्थाकडून!

आज निकड अधिक आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेने जानेवारी २०२५ पासून भारतातील सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे तेरा हजार संशोधनपत्रिका संगणकावर खुल्या केल्या. परंतु खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यानेच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला त्यांतून हवा तो लेख कोण शोधून देणार? प्राध्यापकांच्या मुलांना घरी विचारता येते. तिला ग्रंथपालाखेरीज कोण आहे?

ग्रंथपालांसाठी रिफ्रेशर कोर्स आहेत. त्यांतले काही बढतीच्या प्रमाणपत्रापुरतेच उरतात, हेही खरे. तथापि खरी अडचण रजेची आहे. लहान महाविद्यालयात ग्रंथपाल एकटाच. तो पंधरा दिवस गेला की ग्रंथालयाला कुलूप. म्हणून प्राचार्य त्याला सोडत नाहीत.

आमचे म्हणणे एवढेच की, यंदा पेट्यांच्या जहाजभाड्याची रक्कम वेगळी ठेवावी. तीतून एका ग्रंथपालाचा प्रवास, निवास आणि त्या काळातील बदली माणसाचे मानधन द्यावे. निवड महाविद्यालयावर न सोपविता ग्रंथपालांकडूनच अर्ज मागवावेत, आणि काय शिकायचे ते त्यांनाच लिहू द्यावे. ग्रंथ पाठविणे कायमचे थांबवा, असे आम्ही म्हणत नाही. एक वर्ष थांबावे. येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. विरोध असणाऱ्यांनीही अवश्य यावे.