सर्व धर्मांच्या तटस्थ अभ्यासाबाबत जाहीर आवाहन

महाराष्ट्रातील पालक, शिक्षक, शाळांचे चालक आणि सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे यांस सविनय निवेदन करण्यात येते की, जगातील प्रमुख धर्मांचे ज्ञान आपल्या मुलांना विद्यार्थिदशेतच, कोणत्याही एका धर्माचा पुरस्कार वा अधिक्षेप न होता, इतिहास-भूगोलाप्रमाणे रीतसर मिळावे, यासाठी आपण स्वतः पुढाकार घेण्याची वेळ आली आहे.

या मागणीचे कारण दूर शोधावे लागत नाही. आजच्या रायगड, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागेस आणि रेवदंड्यास बेने इस्रायल ज्यूंची प्रार्थनामंदिरे आहेत. गावोगाव तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी तो बंद ठेवण्याच्या नेमामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेलेली, पेणकर, नवगावकर अशी गावांचीच आडनावे लावणारी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली. आपल्या धर्मग्रंथांतील कथा त्यांनी मराठी कीर्तनांतून गायिल्या, आणि त्यांतील बहुसंख्य इस्रायलास गेल्यावर तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. इतका निकटचा हा शेजार. पण शनिवार पाळण्यामागची श्रद्धा कोणती, ख्रिस्ती धर्मात त्या दिवसाचा मान रविवारकडे कसा गेला, आणि इस्लामातील शुक्रवार हा सामुदायिक नमाजाचा दिवस असूनही विश्रांतीचा दिवस का नव्हे, हे आपल्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास विचारले असता त्याला बहुधा सांगता येत नाही. वेरूळचीही तीच गोष्ट. तेथील ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्धांची, पुढची १७ हिंदूंची आणि शेवटची ५ जैनांची आहेत. शाळांच्या सहली दरवर्षी तेथे जातात, मुले कैलास लेणे पाहून थक्क होतात, आणि तीर्थंकरासमोर तितक्याच भक्तिभावाने हात जोडून परततात. परंतु सृष्टी निर्माण करणारा ईश्वर जैन दर्शनाला मान्य नाही, आणि ज्याच्यापुढे आपण हात जोडले तो देव नसून स्वतःच्या तपाने मुक्त झालेला मनुष्य आहे, ही विलक्षण गोष्ट त्यांच्या कानी कोणी घालत नाही.

अशा अभ्यासास कायद्याची आडकाठी आहे, असा एक समज फार पसरलेला आहे. त्याचा खुलासा येथे केला पाहिजे. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु धर्माची दीक्षा देणे आणि धर्मांविषयी माहिती देणे यांतील भेद १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने स्पष्टपणे मांडून दुसऱ्याची शिफारस केली. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये तिला दुजोरा दिला. आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने धर्मांचा असा अभ्यास घटनेशी विसंगत नसल्याचे मान्य केले. सबब, मुभा आहे. उणीव आहे ती आपल्या इच्छेची.

या भूमीला हा अभ्यास नवा नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी मॅक्स म्यूलरच्या ग्रंथमालेसाठी भगवद्गीतेचे भाषांतर केले ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डला राहून तौलनिक धर्माचा अभ्यास करून आले. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी सिंहलद्वीपापर्यंत वणवण करून बौद्ध ग्रंथ हस्तगत केले. आणि जोतीराव फुले यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तर एकाच घरातील माणसे निरनिराळे धर्मग्रंथ वाचून, आपापल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारून, परस्परांचा द्वेष न करता एकत्र नांदत आहेत, असे कल्पनाचित्र आहे.

मात्र एक गोष्ट आग्रहपूर्वक सांगावीशी वाटते. सर्व धर्मांची शिकवण अखेर एकच आहे, असे सांगून वर्ग आटोपता घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तिच्यामागचा सद्भाव आम्हांस आदरणीय वाटतो. विनोबांनी कुराणाचे आणि ख्रिस्तधर्माचे जे सार काढले त्याचे मोल आम्ही जाणतो. तथापि सार हा अभ्यासाचा आरंभ होय, अभ्यास नव्हे. बुद्धाने आत्म्याविषयी जे म्हटले ते उपनिषदांच्या विरोधात जाते. कर्मविपाकाची कल्पना आणि अंतिम न्यायाच्या दिवसाची कल्पना यांचा मेळ बसत नाही. येशूला ईश्वराचा पुत्र म्हणणे ख्रिस्ती माणसाला मुक्तीचे द्वार वाटते, तर तेच मुसलमानाला ईश्वराच्या एकत्वाचा भंग वाटते. हे भेद झाकून ठेवले तर मुलगा ते पुढे कोणा द्वेष्ट्याच्या तोंडून ऐकेल; ते शांतपणे, पुराव्यासह, दोन्ही बाजूंच्या भाषेत शिक्षकाकडूनच ऐकणे श्रेयस्कर.

यास्तव शिक्षकाने काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक मताचे कथन ते मत मानणाराला मान्य होईल अशा रीतीने करावे. शिया आणि सुन्नी, दिगंबर आणि श्वेतांबर यांना एकाच मोटेत बांधू नये. वारल्यांचा वाघदेव कोण्या ‘मोठ्या’ धर्माच्या पोटात ढकलून देऊ नये. चार्वाकापासून रघुनाथराव कर्व्यांपर्यंतच्या अश्रद्धांनाही त्यांचे स्थान द्यावे. धर्मांच्या नावाने झालेले अन्याय, अस्पृश्यता असो की गोव्यातील इन्क्विझिशन, मुलाहिजा न ठेवता सांगावेत. वर्गात प्रार्थना करवू नये, आणि विद्यार्थ्याची स्वतःची श्रद्धा कोणती, हे परीक्षेत वा परीक्षेबाहेर विचारू नये.

आमची विनंती अशी की, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये मान्यता मिळालेल्या प्रत्येक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने येत्या जूनपूर्वी ठराव करून आठवड्यास एक तास अशा वर्गासाठी राखून ठेवावा. शाळांच्या चालकांनी एक शिक्षक द्यावा. प्रत्येक धर्माचे मूळ ग्रंथ विश्वसनीय मराठी भाषांतरांत फडताळात आणून ठेवावेत, आणि वर्षाचा पाठ्यक्रम फलकावर लावावा, म्हणजे ज्या कोणास हरकत असेल त्यास ती वेळेवर नोंदवता येईल. पालकांनी आपल्या मुलामुलींची नावे निःशंकपणे नोंदवावीत, आणि सवड काढून स्वतःही त्यांच्या शेजारी येऊन बसावे.